निखार, दगडफूल आणि बाई

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि विषय शोधावाच लागला नाही. नववीला जीवशास्त्र शिकवणाऱ्या आपल्या बाई. बाकी शाळा त्यांच्यामागून.

‘तुलना करा’ म्हटलं की वर्ग बेडूक आणि मासा घ्यायचा. बाईंनी फळ्यावर लिहिलं, ‘निखार आणि दगडफूल’. एक जेमतेम १६ सेंटिमीटरचा पक्षी, त्यातही बरीचशी शेपटीच. दुसरं गोड्या मसाल्यातलं. साम्य-भेद नंतर, आधी दोघांना एकच प्रश्न विचारा, ही बाईंची शिस्त. पाणी तुटलं तर काय करतोस? निखाराचं अंग ४० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेलं. ती ऊब राखायला दिवसभर किडे टिपावे लागतात, थांबून चालत नाही. दगडफूल वाळतं, सगळं काम बंद ठेवतं आणि पावसाची वाट बघतं.

ते बाई दाखवायच्या. कोरड्या तुकड्यावर ड्रॉपरनं पाण्याचे २-३ थेंब, वर १० पट मोठं दाखवणारं भिंग. झाडावरचा ताजा तुकडा मिनिटाभरात राखाडीचा हिरवट होतो. वरचा बुरशीचा थर भिजला की पारदर्शक होतो आणि आतलं शैवाल दिसू लागतं. बुरशी आणि शैवाल, दोघांचा मिळून एक देह. मसाल्यासाठी तेलात परतलेला तुकडा आणला तर थेंब वरच्यावर राहतो, प्रयोग फसतो.

‘दगडफूल झाडाचा रस शोषतं’ या वाक्याखाली बाईंची लाल रेघ ठरलेली. खालचे काळे धागे फक्त चिकटून राहण्यापुरते. पाणी आणि क्षार पावसातून, हवेतून, सगळ्या अंगानं. म्हणूनच धुरातला सल्फर डायऑक्साइड त्याला बाधतो.

दोघांची गाठ पडते ती घरट्यात. निखाराची छोटीशी वाटी बाहेरून सालीच्या आणि दगडफुलाच्या कपच्यांनी मढवलेली असते, आणि कपच्या चिकटवायला कोळ्याचं जाळं. खालून बघणाऱ्याला ती फांदीवरची गाठच वाटते. बाई दुर्बिणीतूनच दाखवायच्या. फांदीला हात लावू द्यायच्या नाहीत.

आता आवारातल्या आंब्यांचे बुंधे गेरू-चुन्यानं रंगवलेले दिसतात. चुन्याखाली दगडफुलाला ना उजेड ना हवा, आणि सालीची आम्लता बदलते ती वेगळीच. त्याची वाढ वर्षाला काही मिलिमीटर, त्यामुळे गेलेलं लवकर भरून येत नाही. यंदा निदान विहिरीकडच्या आंब्याला चुना लावू नये, ही बाईंच्या वतीनं विनंती.