काचपेटीतल्या आमरींचा ठाण्यातला हिवाळा

ठाण्यात ऑर्किडला, म्हणजेच आमरीला, ऊब द्यावी लागते, हे ऐकून आमचे नातेवाईक हसतात आणि त्यांचे हसणे अगदीच गैर नाही, कारण येथे जानेवारीतही दुपारचा पारा बहुधा 30 अंशांच्या आसपास असतो. मात्र आमचे घर येऊरच्या पायथ्याशी, उपवनच्या बाजूला असल्यामुळे उत्तरेचे वारे सुरू झाले की पहाटे गॅलरीतील तापमापक 15 अंशांपर्यंत उतरतो. सह्याद्रीतील झाडांवर वाढणारी सीतेची वेणी ही आमरी असे कोरडे, थंड दिवस निमूटपणे काढून पावसाळ्याच्या तोंडावर फुलते. तिला पेटीची गरज नाही. माझ्या काचपेटीत मात्र ल्युडिसिया आणि मॅकोडेस या आग्नेय आशियातील जंगलात जमिनीलगत वाढणाऱ्या, मखमली पानांच्या आमरी आहेत आणि त्यांची रात्र 18 अंशांच्या वर राहावी, असा माझा प्रयत्न असतो.

पेटीखाली तापणारी चटई ठेवण्याचा विचार मी सोडून दिला, कारण तिची उष्णता थेट कुंडीच्या तळाशी पोहोचून मुळांभोवतीचे शेवाळ सुकवते. शिवाय हवा नुसती तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता घटते, आणि हिवाळ्यात आपल्याकडील हवा आधीच कोरडी असते. म्हणून ऊब पाण्यातूनच द्यायची, असे ठरवले. पेटीच्या तळाशी पाणी भरून त्यात माशांच्या टाकीसाठी मिळणारा 25 वॅटचा, थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाला आपोआप बंद-चालू करणारी कळ) असलेला हीटर आडवा ठेवला, पाण्याच्या वर प्लास्टिकची जाड जाळी बसवली आणि कुंड्या जाळीवर मांडल्या. पाणी 26 अंशांवर राहिले की वरची हवा रात्रभर उबदार आणि दमट राहते. विजेच्या बिलाची काळजी घरात व्यक्त झाली होती. पण हा हीटर सलग दहा तास चालला तरी पाव युनिटच वीज लागते.

हीटर पूर्ण बुडलेला आहे ना, हे रोज संध्याकाळी पाहावेच लागते, कारण पाणी आटून तो उघडा पडल्यास त्याची काच तडकू शकते. वायरही सॉकेटपेक्षा खाली झोल देऊन नेली आहे, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये न शिरता खाली ठिबकते.

खरी कसरत ऊब देण्याची नसून कोंडलेल्या ओलाव्याची आहे. झाकण घट्ट बंद ठेवले की सकाळी काचेवरून थेंब ओघळतात, पानांच्या बेचक्यात पाणी साचते आणि तेथूनच कूज सुरू होते. त्यासाठी मोबाइलच्या चार्जरवर चालणारा छोटा पंखा आत मंद फिरत ठेवतो, झाकणाला बोटभर फट ठेवतो आणि पाणी फक्त सकाळी घालतो. ऊन चढल्यावर झाकण पूर्ण काढतो व पेटीवर थेट ऊन येऊ देत नाही, कारण बंद काचेत तापमान झपाट्याने वाढते.

फॅलेनॉप्सिस या आमरीला मात्र मी या पेटीत जागा देत नाही. काही आठवडे रात्री थोड्या गार मिळाल्या तरच तिला फुलांचा दांडा येतो, त्यामुळे ती दिवाणखान्यातच, खिडकीजवळ बरी. तिलाही ऊब हवी, असा आग्रह धरणाऱ्यांना मुबलक पाने मिळतात, फुले नाहीत.

फेब्रुवारीच्या उत्तरार्धात रात्री पुन्हा उबदार होऊ लागल्या की आधी हीटरचा आकडा टप्प्याटप्प्याने खाली आणतो, मग तो बंद करून पाण्याबाहेर काढतो. हे करताना प्लग आधी काढून हीटर पाण्यातच निवू द्यावा लागतो.