सातबारा कुणाच्या नावावर?

गेल्या वर्षीची गोष्ट, ३ एप्रिल, पाडवा होऊन चार दिवस झालेले. सकाळी सव्वासातला पावसच्या काकांचा फोन. त्यांची हापूसच्या कलमांची बाग आहे, दोन वर्षं मी त्यांच्या पेट्यांची लेबलं आणि फोटो करते, वेबसाईट मात्र माझ्या आधीची, ओळखीतल्या एका मुलाने कॉलेजात असताना करून दिलेली. काका म्हणाले, "अगो, पुण्याच्या गिऱ्हाइकाने पेटीवरचा तो चौकोन स्कॅन केलान तर साईटच उघडत नाही म्हणे. बघ जरा."

चहा तसाच ठेवून लॅपटॉप उघडला. डोमेनचा, म्हणजे साईटच्या पत्त्याच्या नावाचा, रेकॉर्ड बघितला तर एक्स्पायरी ५ फेब्रुवारीची आणि स्टेटस रिडेम्प्शन पीरियड. पोटात गोळाच आला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. डॉट कॉमची मुदत संपली की नाव लगेच जात नाही, रजिस्ट्रार (म्हणजे नाव नोंदवून देणारी कंपनी) काही दिवस साध्या दरात रिन्यू करू देतो (यांच्याकडे ३० दिवस होते, जास्तीत जास्त ४५ असू शकतात), मग रिडेम्प्शनचे ३० दिवस, त्यात जबर दंड भरून सोडवता येतं, आणि मग पेंडिंग डिलीटचे ५ दिवस ज्यात मालकालाही काही करता येत नाही, ते संपले की नाव कुणीही घ्यावं. मी बोटांवर मोजलं, रिडेम्प्शन ६ एप्रिलला संपत होतं. हातात तीन दिवस. आणि काकांच्या गोडाऊनमध्ये २,००० बॉक्स छापून रचलेले, प्रत्येकावर तोच क्यूआर. साईट बंद पडून महिना झालेला पण ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सअ‍ॅपवर, त्यामुळे पहिल्या पेट्या गिऱ्हाइकांच्या घरी पोचेपर्यंत कुणाला पत्ताच नाही.

नऊ वाजता काका रत्नागिरीत मारुती मंदिरजवळच्या माझ्या ऑफिसात हजर, काखेत रिकामा बॉक्स. मी सांगितलं, काका, नाव तुमचं असलं तरी डोमेन तुमच्या नावावर नाहीये, मालक म्हणून त्या मुलाचं नाव, त्याचाच मेल, त्याचाच मोबाईल. काका बॉक्सवरच्या अक्षरांवरून बोट फिरवत गप्प बसले आणि मग म्हणाले, "म्हणजे बाग मी शिंपतोय नि सातबारा त्याच्या नावावर?" मी इतकी वर्षं लोकांना डोमेन समजावतेय, मला हे इतकं नेमकं कधी सांगता आलं नव्हतं.

मुलाने काही वाईट केलेलं नव्हतं, हे मला मुद्दाम लिहायचंय. त्याची आई पावसलाच, काकूंनी तिच्याकडून नंबर मिळवला, तो आता पुण्यात नाइट शिफ्ट करतो, झोपेतून उठून बसला बिचारा. "ताई, मी तर विसरूनच गेलो होतो." डोमेनचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नियमाप्रमाणे रजिस्ट्रारला सूचना पाठवाव्याच लागतात, मुदतीच्या साधारण महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि संपल्यावर पाच दिवसांत, आणि त्या गेल्याही असणार, पण त्याच्या कॉलेजच्या मेलवर, जो केव्हाच बंद झालाय. ओटीपी जुन्या सिमवर. म्हणजे ज्याच्या नावावर आहे त्यालाही आत शिरता येईना. मग सपोर्टच्या चॅटवर दहापासून तीनपर्यंत मी आणि तो, त्याचं आधार पाठव, सेल्फी पाठव, फॉर्म भर, थांबा. थांबा म्हणजे किती ते कोणी सांगेना.

तेवढ्या वेळात मी काका-काकूंना म्हटलं, नाही मिळालं तर हाताशी दुसरं नाव हवं, आत्ताच ठरवू. काकांना नावात हापूस हवंच होतं, २०१८ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, त्यांनी स्वतःची नोंदणीही केलीय, त्यामुळे अभिमान आहे आणि तो योग्यच आहे. पण काकू म्हणाल्या कोकमाच्या आगळाचं आणि काजूगराचं काय, पाऊस पडल्यावर तेच तर विकतो आपण. बरोबर होतं त्यांचं. शिवाय हापूस इंग्रजीत लिहायचा कसा, कुणी यू लावतं, कुणी डबल ओ. आपल्या नावांची ही मोठी अडचण आहे, व आला की व्ही का डब्ल्यू, आंब्याला एक ए का दोन, आणि गिऱ्हाईक ऐकलेलं नाव स्वतःच्या मनाने टाइप करतं. डॉट भारत आहे, २०१४ पासून देवनागरीत अख्खं नाव घेता येतं, मला ते मनापासून आवडतं, पण पत्ता टाकायला कीबोर्ड बदलणारी माणसं मला अजून फार भेटली नाहीत म्हणून ते एकमेव नाव म्हणून मी सुचवत नाही.

शेवटी काकू म्हणाल्या, आपली कलमं कातळावरची, तेच घाल की. मग माझी नेहमीची पद्धत, चार जणांना फोन केला, नाव एकदाच बोलून दाखवलं आणि म्हटलं इंग्रजीत टाइप करून पाठवा. तिघांनी एकच स्पेलिंग पाठवलं, माझ्या मावशीने मात्र एक ए जास्त. दोन्ही घेतली, दुसरं पहिल्यावर वळवलं. घेताना काकांचं नाव, काकांचा मोबाईल, आणि मेल मुद्दाम त्यांच्या साध्या जीमेलचा, कारण त्याच डोमेनवरचा मेल दिला तर डोमेन बंद पडल्यावर सूचनाही तिथेच अडकतात.

होस्टिंगचं, म्हणजे साईट ठेवायच्या भाड्याच्या जागेचं, काकांनी स्वतःच विचारलं, जाहिरातीत महिना ९९ रुपयांत अनलिमिटेड दिसलं होतं. मी त्यांना तीनच गोष्टी बघायला लावल्या. पहिल्या मुदतीनंतरचा दर काय (तो बारीक अक्षरात होता आणि तिपटीहून जास्त), अनलिमिटेड म्हणताना फाइलींच्या संख्येवर मर्यादा आहे का (होती), आणि रोजचा बॅकअप त्यातच आहे का वेगळे पैसे (वेगळे). एसएसएलचे (साईट सुरक्षित ठेवणारं प्रमाणपत्र) वेगळे पैसे मागत असतील तर मी तिथे थांबतच नाही, लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट मिळतं, ९० दिवसांचं असतं आणि आपोआप नवं होतं. काकांची साईट सहा पानांची, गिऱ्हाईक पुणे-मुंबईचं, तेव्हा मुंबईत सर्व्हर असलेलं साधं शेअर्ड (एका सर्व्हरवर अनेक साईट असतात ते) होस्टिंग घेतलं, तेही दुसऱ्या कंपनीकडे आणि एकाच वर्षासाठी. डोमेन मात्र पाच वर्षांचं, दहापर्यंत भरता येतं. काका म्हणाले, म्हणजे जमीन आपली, गोडाऊन भाड्याचं, नाही पटलं तर माल उचलून दुसरीकडे. अगदी तेच. (खरं तर डोमेनही भाडेपट्टाच, पण दरवेळी वेळेत भरला तर सहसा कोणी काढून घेत नाही.)

५ तारखेला दुपारी साडेचारला मुलाचा मेसेज आला, "ताई, लॉगिन झालं." रिस्टोअरचे आणि वर्षाचे मिळून दहा हजारांच्या आसपास गेले, तो मी भरतो म्हणत होता, काकांनी नाही भरू दिले. रात्री नऊपर्यंत नेमसर्व्हर (डोमेन कुठल्या होस्टिंगकडे बघतं ते) बदलून साईट नव्या होस्टिंगवर उभी केली. काकांनी गोडाऊनमध्ये टॉर्च लावून वरचा बॉक्स स्कॅन केला आणि मला व्हिडिओ कॉल केला, पडद्यावर बागेचा फोटो, आणि मागे काकू नुसतं "आलं, आलं" म्हणतायत.

मालकी दुसऱ्याच दिवशी काकांच्या नावावर केली. त्यावर ६० दिवसांचं ट्रान्सफर लॉक लागलं, त्यामुळे दुसऱ्या रजिस्ट्रारकडे लगेच हलवता येईना. काकांनी कॅलेंडर बघितलं आणि म्हणाले, मृग लागतो तेव्हा, तोवर बागही रिकामी होते. ७ जूनला मुसळधार पावसात ते ऑथ कोड (डोमेन दुसरीकडे हलवायला लागतो तो कोड) कागदावर उतरवून घेऊन आले, प्लास्टिकच्या पिशवीत, बागेच्या सातबाऱ्याच्या फाईलमध्ये लावलेला.