मग बिघडले होते तरी काय?

राऊटर नुसता बंद करून चालू केला की नेट कसे सुरू होते, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो आहे. कर्वेनगरमधल्या आमच्या सोसायटीत नेट अडले की शेजारी मला फोन करतात, मी राऊटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करायला सांगतो, आणि बहुतेकांचे काम तेवढ्यावर होते. गेल्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मात्र मला जिन्यातच थांबवून विचारले, "नुसता खटका दाबून नेट येतं, तर मग बिघडलं होतं तरी काय?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर जिन्यात उभ्याउभ्या देण्याइतके लहान नाही.

राऊटर हा एक छोटा संगणकच असतो. त्याला प्रोसेसर असतो, त्यावर बहुधा लिनक्स या संगणकप्रणालीचे एखादे आटोपशीर रूप चालते, आणि त्याची स्मृती दोन प्रकारची असते. वायफायचे नाव, पासवर्ड आणि नेट कंपनीने दिलेले युजरनेम फ्लॅश स्मृतीत राहते. ते वीज गेली तरी पुसले जात नाही. चालू कामाच्या सगळ्या नोंदी मात्र रॅममध्ये असतात आणि वीज जाताच त्या नाहीशा होतात. आपल्याला छळणारे बहुतेक दोष या दुसऱ्या स्मृतीत साठलेले असतात. म्हणजे यंत्र शाबूत असते, त्याची तारही शाबूत असते. गोंधळ असतो तो नोंदींत.

या नोंदींपैकी एक वही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. घरात फोन, लॅपटॉप, टीव्ही मिळून दहा यंत्रे असली, तरी बाहेरच्या जगाला त्या सर्वांचा पत्ता एकच दिसतो. इंटरनेटचे जुने, म्हणजे आयपीव्ही 4 पद्धतीचे, पत्ते जेमतेम 430 कोटी आहेत, ते सर्वांना पुरत नाहीत, म्हणून 1990 च्या दशकात ही सोय निघाली. बाहेरून आलेले उत्तर घरातल्या कोणत्या यंत्राचे आहे, हे कळण्यासाठी राऊटर प्रत्येक जोडणीची नोंद ठेवतो. सोसायटीच्या फाटकावरचे रजिस्टर जसे असते, तसेच हे असते. येणाऱ्याची नोंद होते, पण जाणारा सही न करता निघून गेला, तर वहीप्रमाणे तो आतच राहतो. आपण फोन खिशात घालून घराबाहेर पडतो आणि वायफाय तुटते, तेव्हा त्या फोनच्या चालू जोडण्या अशाच सहीवाचून राहतात. लिनक्समध्ये अशी बेवारस नोंद काढून टाकण्याची मूळ मुदत तब्बल 5 दिवसांची आहे. काही राऊटरमध्ये ती कमी केलेली असते, काहींमध्ये नसते. वही भरली की नवी जोडणी घ्यायला जागा उरत नाही, आणि मग वायफायच्या सगळ्या रेघा दिसत असूनही पान उघडत नाही, चालू असलेला व्हिडिओ कॉल मात्र सुरूच राहतो. याशिवाय राऊटरच्या प्रणालीत काही चुका असतात, त्यामुळे वापरून झालेली स्मृती परत मोकळी होत नाही आणि ती थोडी थोडी अडकत जाते.

काकूंच्या घरी मी राऊटरचे पान उघडून पाहिले, तेव्हा तो सलग 94 दिवस चालू असल्याचे दिसले. त्यांनी मागच्या वर्षी राऊटरसाठी छोटा यूपीएस घेतला आहे. आपल्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते तेव्हा ज्यांच्याकडे अशी सोय नाही, त्यांचे राऊटर आपोआप नव्याने सुरू होतात. काकूंचा मात्र कधीच बंद पडला नव्हता. यूपीएस घेणे चूक आहे, असे मी म्हणणार नाही, पण तो असेल तर महिन्याकाठी एकदा राऊटर आपणहून बंद करून चालू करावा.

खटका दाबल्याने आणखीही काही गोष्टी मार्गी लागतात. कंपनीच्या बाजूने लॉगिन तुटलेले असते आणि राऊटरला ते कळलेले नसते. नव्याने सुरू झाल्यावर तो पुन्हा लॉगिन करतो. अनेक राऊटर वायफायचा चॅनल, म्हणजे लहरींचा पट्टा, सुरू होतानाच निवडतात, त्यामुळे शेजारच्या वीस वायफायांच्या गर्दीत त्यांना थोडी मोकळी जागा मिळू शकते. अर्धे मिनिट थांबायचे ते अशासाठी, की आतल्या कपॅसिटरमध्ये वीज थोडा वेळ टिकून राहते, आणि खटका लगेच दाबला तर स्मृती पुरती पुसली जाईलच असे नाही. चालू केल्यावरही दोन-तीन मिनिटे धीर धरावा.

आता कळकळीने एक सांगतो. मागच्या बाजूला टाचणी घालायचे जे बारीक छिद्र असते, त्याला कृपा करून हात लावू नका. ते रीसेट आहे, रीस्टार्ट नव्हे. ते काही सेकंद दाबून धरले की फ्लॅशमधल्या आपल्या नोंदीही पुसल्या जातात. दुसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीची ऑनलाइन परीक्षा सकाळी अकराला होती, आणि तिच्या वडिलांनी घाईत नेमके तेच केले. युजरनेम कोणालाच ठाऊक नव्हते, कंपनीचा माणूस संध्याकाळी सहाला आला, आणि मुलीने परीक्षा माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर दिली. तिचा रडवेला चेहरा मला अजून आठवतो.

खटका दाबण्याआधी फायबरच्या डबीवरचे दिवेही पाहावेत. 'लॉस' (LOS) लिहिलेला दिवा लाल असेल, तर प्रकाश घरापर्यंत पोहोचतच नाही; रस्ता खोदताना किंवा झाडाची फांदी पडून तार तुटलेली असू शकते. तिथे कितीही वेळा बंद-चालू केले तरी उपयोग नाही, थेट तक्रार नोंदवावी. आणि दर दोन दिवसांनी खटका दाबावा लागत असेल, तर राऊटर तापतो आहे, त्याचा ॲडॉप्टर थकला आहे किंवा त्याची प्रणाली जुनी झाली आहे, असे समजून तो तपासून घ्यावा.

काकूंचे युजरनेम आणि पासवर्ड मी त्यांच्याकडून वहीत लिहून घेतले आहेत. ती वही त्यांनी गॅसच्या पुस्तकाशेजारी ठेवली आहे.