चिंगीचं ऑपरेशन महिनाभर पुढे गेलं तेव्हा

चिंगी आमची कुत्री. तिची नसबंदी करायची हे ती घरी आली तेव्हाच आम्ही ठरवलं होतं. मादीचं गर्भाशय तसंच राहिलं तर वय वाढेल तसा त्यात पू होण्याचा धोका वाढतो, आणि मग तेच ऑपरेशन घाईघाईत, आधीच खंगलेल्या जिवावर करावं लागतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की माज संपल्यावर दोन-तीन महिने जाऊ द्या, त्या काळात गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. तेवढे दिवस मोजून थांबलो.

ऑपरेशनच्या चार दिवस आधी रक्त तपासायला नेलं. खरं सांगायचं तर मला ती नुसती औपचारिकता वाटत होती. चिंगी जेवत होती, धावत होती, रेबीजची लस आणि जंताचं औषध वेळेवर झालेलं होतं. डॉक्टरांनी वजन घेतलं (भुलीचा डोस त्यावरच ठरतो), छाती ऐकली. मग ओठ वर करून हिरडी बोटाने दाबली आणि सोडली. पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांच्या आत गुलाबी झाला. सगळं ठीक.

रिपोर्ट मात्र ठीक नव्हता. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी, 58 हजार. साधारण दोन लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असायला हव्यात. प्लेटलेट्सच्या गुठळ्या झाल्या की मशीन कमी आकडा दाखवतं, म्हणून डॉक्टरांनी रक्ताचा थेंब काचेवर पसरून स्वतः मायक्रोस्कोपखाली पाहिला. खरंच कमी होत्या. मग त्यांनी चिंगीला उताणी केली आणि जांघेजवळचे टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दाखवले. दोन दिवसांपूर्वी अंग पुसताना मी ते पाहिले होते आणि डास चावले असतील म्हणून सोडून दिले होते. "दाबून बघा," डॉक्टर म्हणाल्या. दाबलं, तरी ठिपका फिका पडला नाही. कातडीखाली रक्त झिरपलं होतं.

निदान निघालं गोचीडतापाचं, म्हणजे गोचीड चावल्याने होणाऱ्या आजाराचं, ज्यात प्लेटलेट्स घटतात. गोचीड दिसत नाहीत म्हणून मी दोन महिने गोळी दिली नव्हती, आणि ही चूक सर्वस्वी माझी. या स्थितीत पोट उघडलं असतं तर रक्त थांबवणं अवघड झालं असतं. घरी आल्यावर कितीतरी वेळ मी तिच्याजवळ नुसती बसून होते. ज्या तपासणीवर फुली मारता येईल का असं मी विचारणार होते, तिनेच तिला वाचवलं होतं.

28 दिवस डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं, रिकाम्या पोटी नाही, जेवणासोबत. पुन्हा रक्त तपासलं तेव्हा प्लेटलेट्स 2 लाख 40 हजार होत्या. तेव्हा कुठे नवी तारीख मिळाली.

आदल्या दिवशी अंघोळ घातली, कारण टाके निघेपर्यंत पाणी लावायचं नव्हतं. रात्री जेवण दिल्यावर भांडं उचलून ठेवलं. उपाशी का ठेवायचं हे मात्र मी घरातल्या प्रत्येकाला बसवून समजावलं. भुलीत गिळण्याची क्रिया मंदावते, पोटातलं वर आलं तर ते फुप्फुसात जातं. "एवढंसं दिलं तर काय होतं" असं म्हणणारं एक तरी माणूस प्रत्येक घरात असतंच. पाणी पहाटेपर्यंत चालेल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हा हिशेब मोठ्या, धडधाकट कुत्र्याचा आहे. लहान पिल्लं आणि मधुमेही जनावरांना इतका वेळ उपाशी ठेवत नाहीत, त्यांचं वेगळं विचारून घ्यावं. आणि चुकून काही खाल्लंच असेल तर दारातच सांगावं. तारीख पुढे गेली तरी चालेल.

सकाळी पुढच्या पायाचे पट्टीभर केस काढून सुई लावली आणि तिला आत नेलं. मला आत बोलावलं तेव्हा ती थरथरत होती. भुलीत अंगाची ऊब कमी होते. चादरीत गुंडाळून मांडीवर घेतलं. संध्याकाळी तिने लघवी केली, थोडंसं खाल्लं, तेव्हा माझ्याही जिवात जीव आला.

वेदनेचं औषध फक्त डॉक्टरांनी दिलेलंच. घरातली माणसांची गोळी अजिबात नाही : आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या पोटावर आणि मूत्रपिंडावर उठतं, पॅरासिटामॉलने मांजर दगावू शकतं. गळ्यातली कॉलर तिला नकोशी होती, दारांच्या चौकटींना आपटत फिरायची. दया येऊन काढावीशी वाटे, पण काढली नाही. टाके चाटायला क्षणही पुरतो. 12व्या दिवशी टाके निघाले.

आता गोळीची तारीख भिंतीवर लिहिलेली आहे. गोळी दिली की तिला उजेडात उताणी करते, कानांच्या घड्या आणि बोटांच्या बेचक्या उलगडून बघते, शेवटी पोट. तिथले केस अजून पुरते आलेले नाहीत, त्यामुळे एखादा ठिपका असलाच तर लगेच दिसेल.