फोटो विकून पैसे मिळतात का? तुम्ही विचारलंत म्हणून

माझे फोटो स्टॉक साइटवर, म्हणजे जाहिरातींना आणि लेखांना तयार फोटो विकणाऱ्या संकेतस्थळांवर, असतात हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘मग मिळतात का पैसे?’ शाळेतले सहकारी विचारतात, ट्रेकला भेटलेली कॉलेजची मुलं विचारतात, नुकताच कॅमेरा घेतलेला तर हमखास विचारतो.

मिळतात. पण नोकरी सोडावी इतके नाहीत, आणि पहिलं वर्षभर तर एखाद्या लेन्सचा हप्ताही सुटणार नाही. कारण दर फोटोमागे हाती येणारी रक्कम फार लहान असते. अ‍ॅडोब स्टॉक ही साइट फोटोच्या विक्रीतले 33 टक्के देते आणि खात्यात 25 डॉलर साठल्याशिवाय ते काढता येत नाहीत. शटरस्टॉक या दुसऱ्या साइटने 2020 मध्ये नवी पद्धत आणली: 15 टक्क्यांपासून सुरुवात, वर्षभरात जितके फोटो जातील तसा वाटा 40 टक्क्यांपर्यंत चढत जातो आणि 1 जानेवारीला पुन्हा सगळे पहिल्या पायरीवर. मोठ्या वर्गणीदाराने फोटो घेतला तर तुमच्या वाट्याला 10 सेंटही येऊ शकतात. जगभरच्या फोटोग्राफरांनी तेव्हा याला कडाडून विरोध केला होता, आणि मला तो रास्त वाटतो. तरीही मी फोटो टाकत राहते, कारण एकच फोटो पुन्हा पुन्हा विकला जातो आणि वर्षाकाठी जमणारी रक्कम माझ्या फिरण्याचा खर्च काढते.

खरा प्रश्न विकतं काय हा आहे. मी साताऱ्याची. कासचं पठार माझ्यापासून तासाभरावर. सप्टेंबरात तिथल्या फुलांचे फोटो काढणारे इतके असतात, की त्या गर्दीत माझा एक फोटो कुणाला सापडावा कसा? सूर्यास्ताचं तेच, मावळत्या उजेडातल्या किल्ल्याचं तेच. मन लावून काढलेले हे फोटो पडून राहतात, आणि ज्वारीचं कणीस, उन्हात पसरलेल्या मिरच्या, फडताळातला मिसळणाचा डबा हे जातात. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. त्या वर्षी माझ्या ज्वारी-नाचणीच्या फोटोंना एकदम गिऱ्हाईक आलं. विकत घेणारा माणूस आपली कला बघायला आलेला नसतो. त्याला पाकिटावर छापायला नाचणी हवी असते, ती स्वच्छ दिसावी आणि शेजारी मजकुराला जागा असावी.

म्हणून फोटोइतकीच मेहनत त्याखालच्या ओळीवर घ्या. ‘भारतीय पदार्थ’ असं लिहिलेले हजारो फोटो पडलेत. उकडीचा मोदक की तळणीचा, भाकरी ज्वारीची की बाजरीची, हे आपल्याला दिसतं, परक्याला दिसत नाही. ते नेमकं लिहिलंत तर नेमकं शोधणाऱ्याला तुम्हीच सापडाल. अ‍ॅडोबवर फोटोसोबत द्यायच्या शोधशब्दांपैकी (कीवर्ड) पहिल्या दहांना जास्त वजन असतं, तेव्हा महत्त्वाचे शब्द आधी.

माणसांचे फोटो हा वेगळा विषय, आणि त्यावर मी जरा जास्त बोलणार आहे. ओळखू येईल असा माणूस फोटोत असला आणि फोटो जाहिरातीसाठी विकायचा असला, तर त्याची सही असलेलं संमतिपत्र लागतं. लहान मूल असेल तर आईवडिलांपैकी एकाची सही. अंगावरचं गोंदणही ओळखीतच धरतात.

आमच्या शेजारच्या काकू चुलीवर भाकऱ्या थापतात. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवं गोंदण, पिठाने माखलेले तळवे, परातीत गोल फिरणारी भाकरी, वरच्या कौलातून येणारा उजेड. फोटो उत्तम आला होता. संमतिपत्र घेऊन गेले आणि त्यातला शब्द न् शब्द त्यांना मराठीत सांगितला.

‘म्हंजी माजा हात कुटं कुटं दिसंल?’

‘ते मला ठरवता येत नाही काकू. जो विकत घेईल तो लावेल.’

‘दारूच्या जाहिरातीत बी?’

तिथे दिसणारच नाही अशी खात्री मी देऊ शकत नव्हते. तसं सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, ‘मग भाकरीचा काढ. हाताचा नगं.’

आज विकला जातो तो तव्यावर फुगलेल्या भाकरीचा फोटो. हाताचा माझ्या डिस्कवर आहे, आणि तिथेच राहील. सही मिळवणं अवघड नसतं. आपल्या शब्दाखातर लोक कुठेही अंगठा देतात. म्हणूनच समोरच्याला नीट समजेपर्यंत कागद पुढे करू नका, एवढं मी कळकळीने सांगते.

वारी, जत्रा, मोर्चा अशा गर्दीत सह्या घेणं शक्यच नसतं. ते फोटो ‘एडिटोरियल’ म्हणून देता येतात, म्हणजे बातमीला किंवा लेखाला चालतात, जाहिरातीला नाहीत. शटरस्टॉक आणि अलामी असे फोटो घेतात. मात्र ठिकाण आणि तारीख अचूक हवी, आणि फोटोत नसलेलं काही घालायचं नाही, असलेलं पुसायचं नाही. तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाला माउलींच्या पालखीचं उभं रिंगण होतं, त्याचे फोटो मी असेच देते.

‘आता एआय आल्यावर कोण घेणार?’ हेही विचारता. सूर्यास्त आणि हसरं कुटुंब यंत्र बनवून देतं, आणि 2022 च्या अखेरीपासून अ‍ॅडोब स्टॉक तशी चित्रं स्वीकारतंही. तो बाजार हौशी माणसाच्या हातून जाईल असं मला वाटतं. पण अमुक वर्षी, अमुक दिवशी चांदोबाच्या लिंबाला घोडा धावला, हे तिथे उभं राहिलेल्याच्याच कॅमेऱ्यात असतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. अमेरिकी साइटवर करासाठी डब्ल्यू-8बेन हा फॉर्म पॅन क्रमांकासह भरा. तो नसेल तर अमेरिकेतल्या विक्रीवर 30 टक्के कापले जातात, भरला तर भारत-अमेरिका कर करारानुसार 15. आपल्याकडच्या विवरणपत्रातही ही कमाई दाखवायची. स्वतःसाठी काढलेल्या फोटोचा कॉपीराइट तुमचाच, हयातभर आणि नंतर 60 वर्षं. पण कुणी पैसे देऊन लग्न किंवा बारसं काढायला सांगितलं असेल, तर वेगळा करार नसल्यास हक्क त्या घरच्यांचा. ते फोटो साइटवर टाकू नका.

सणांचं तेवढं लक्षात ठेवा. गणपतीच्या जाहिरातींची तयारी गणपतीच्या कितीतरी आधी होते. त्यामुळे यंदा काढलेले मोदक विकले जाणार ते पुढच्या वर्षी. दिवाळीत चकल्या तळल्या जातील तेव्हा खिडकीजवळ पांढरं कापड अंथरून ताटाचे फोटो काढा, त्याच आठवड्यात नावागावासकट चढवा, आणि मग वर्षभर त्यांच्याकडे बघू नका.