सैतो ताकाओ आणि ८५ जागा

जपानच्या 'तायसेई योकुसानकाई'बद्दल, म्हणजे युद्धकाळात राजकीय पक्षांच्या जागी आलेल्या सरकारी संघटनेबद्दल वाचताना मी दरवेळी सैतो ताकाओपाशी थांबतो. फेब्रुवारी १९४० मध्ये या खासदाराने संसदेत उभं राहून विचारलं, चीनमधलं हे युद्ध नेमकं कशासाठी चाललंय? मार्चमध्ये त्याची संसदेतून हकालपट्टी झाली. मग उन्हाळ्यात एकेका पक्षाने स्वतःलाच विसर्जित केलं. कोणी बंदी घातली नव्हती, हे मला जास्त लागतं.

१२ ऑक्टोबर १९४० ला पंतप्रधान कोनोए फुमिमारो यांनी ही संघटना स्थापन केली. सम्राटाच्या राज्यकारभाराला साहाय्य आणि प्रजेचं कर्तव्य, एवढाच तिचा कार्यक्रम! पण तिची पकड थेट घरापर्यंत होती. साधारण दहा घरांचा एक शेजारगट, 'तोनारिगुमी', पुढे तिच्या छत्राखाली आला. शिधावाटप, बचतरोखे, हवाई हल्ल्याच्या कवायती, सगळं त्याच्यामार्फत. सूचनांची पाटी घरोघर फिरायची. ज्याच्या हातून शिधा मिळतो, त्याच्यासमोर तोंड कोण उघडणार?

एप्रिल १९४२ च्या निवडणुकीत ४६६ पैकी ३८१ जागा सरकारच्या पाठिंब्याने चालणाऱ्या समितीची शिफारस मिळालेल्या उमेदवारांनी जिंकल्या. उरलेल्या ८५ मध्ये सैतो होता, ह्योगोमधून, शिफारशीशिवाय. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी उठून खोलीत फेऱ्या मारल्या होत्या.

आणखी एक नाव: न्यायाधीश योशिदा हिसाशी. मार्च १९४५ मध्ये, युद्ध चालू असतानाच, त्यांनी कागोशिमाच्या एका मतदारसंघातली १९४२ ची ती निवडणूक रद्द ठरवली. संघटना त्याच जूनमध्ये विसर्जित झाली.