बारा जणांची यादी

शाळेने पन्नास वर्षांत मिळवलेल्या ढाली-चषकांची यादी या स्मरणिकेत कुठेतरी येईलच. त्या ढाली ज्या संघांनी आणल्या त्या संघांत शिरणं किती अवघड असतं, यावर मात्र सहसा कोणी लिहीत नाही. माजी विद्यार्थ्यांची मनोगतं सरांची छडी आणि मधल्या सुट्टीतला डबा यांतच संपतात. म्हणून माझ्या वाट्याची पानं मी खो-खोच्या निवडीला देतो. यंदा पहिल्यांदाच नाव देणाऱ्या मुलाला आणि त्याच्या घरच्यांना उपयोगी पडेल, एवढाच हेतू.

आधी हिशेब. नववी-दहावीच्या चार-चार तुकड्या आणि तुकडीत साठ मुलं-मुली धरली, तर मुलगे निघतात दोनशे चाळीसच्या आसपास. चाचणीला त्यातले पन्नास-साठ येतात. यादीत नावं बारा. नऊ मैदानात, तीन राखीव. पाचात एक, म्हणजे फार वाईट नाही, असं वाटतं. पण बाराच्या बारा जागा मोकळ्या कधीच नसतात. गेल्या वर्षी नववीत असताना खेळलेले पाच-सहा जण यंदा दहावीत आलेले असतात आणि त्यांना कोणी हलवत नाही. एखादी जागा दुखापतीतून परतणाऱ्यासाठी राखलेली असते. खरी झुंज उरते ती चार-पाच जागांसाठी.

त्यात शालेय स्पर्धेत एका शाळेचा प्रत्येक वयोगटात एकच संघ जातो. तालुका, जिल्हा, विभाग आणि मग राज्य अशी चढण असते, राज्याला आठ विभागांचे आठ संघ येतात. तालुक्याला बहुतेक ठिकाणी बाद पद्धत, म्हणजे एक सामना हरला की वर्ष संपलं. या रचनेमुळे खो-खोची परंपरा असलेल्या शाळेतला तेरावा मुलगा घरी बसतो आणि शेजारच्या लहान शाळेत त्याच्याहून कच्चा मुलगा कर्णधार होतो. फलटण, सांगली, इचलकरंजी, धाराशिव या भागांत हे दरवर्षी दिसतं. तेराव्या मुलाने हे मनावर घेऊ नये असं सगळे सांगतात, तो घेतोच.

पालकांना सगळ्यात कमी ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे वयाची कात्री. गट तीन : १४, १७ आणि १९ वर्षांखालील. वय मोजतात ते जानेवारी ते डिसेंबर या वर्षावर. २०२५-२६ साठी १४ खालच्या गटात १ जानेवारी २०१२ किंवा त्यानंतर जन्मलेले आणि १७ खालच्या गटात १ जानेवारी २००९ किंवा त्यानंतर जन्मलेले बसतात. आता वर्ग लावून बघा. २०१२ ची मुलं साधारण आठवीत असतात, म्हणजे आठवी हे लहान गटाचं शेवटचं वर्ष. दहावीत असतात ती २०१० ची. मग २००९ ची कुठे? अकरावीत. ज्या शाळेला जोडून कनिष्ठ महाविद्यालय आहे ती शाळा १७ खालच्या संघात अकरावीची मुलं उतरवू शकते. आपल्यासारखी दहावीपर्यंतची शाळा त्यांच्यापुढे एक वर्ष लहान मुलं घेऊन उभी राहते. त्या वयात एका वर्षात उंची आणि मांडीची ताकद किती बदलते हे वेगळं सांगायला नको.

म्हणून सगळ्यात जास्त गळती होते ती नववीत. आठवीत जो मुलगा संघाचा कणा होता, तो नववीत एकदम मोठ्या गटात सर्वांत लहान होतो. शिक्षक त्याला राखीवांत घेतात किंवा 'पुढच्या वर्षी बघू' म्हणतात, आणि पुढच्या वर्षी दहावी असते. घरचे क्लास लावतात. आठवी ते दहावी या प्रवासात हरवलेली मुलं मोजली तर सामने हरल्याने झालं नसेल एवढं नुकसान इथे झालेलं दिसेल. नववीच्या मुलाला वर्षभर सरावात टिकवून ठेवणं हे माझ्या मते क्रीडाशिक्षकाचं सगळ्यात मोठं काम, ढालीपेक्षाही.

याच कात्रीचं दुसरं पातं म्हणजे जन्ममहिना. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात धावतात, पण त्यांच्यात अकरा महिन्यांचं अंतर असतं. निवडीच्या दिवशी मोठा मुलगा उजवा दिसतो, मग त्यालाच सराव आणि सामने मिळतात आणि तो खरोखरच उजवा होतो. कॅनडातल्या आइस हॉकीत हा प्रकार १९८० च्या दशकात आकडेवारीने दाखवला गेला. आपल्याकडे त्यासाठी शाळेतलं प्रवेशनोंदीचं जनरल रजिस्टर उघडलं तरी पुरे. आपल्या रजिस्टरात आणखी एक गंमत आहे. जुन्या पानांवर १ जून ही जन्मतारीख किती जणांची आहे बघा. तारीख सांगता येत नसे तेव्हा प्रवेश देताना गुरुजी जूनची पहिली तारीख टाकून मोकळे होत. महिना चुकला तर गटाच्या दृष्टीने बिघडत नाही, वर्ष चुकलं तर पोरगा कायमचा वरच्या गटात. आता जन्मदाखले असतात, पण दाखला, आधार आणि रजिस्टर यांत नाव किंवा तारीख जुळली नाही तर ऐन वेळी खेळाडू बाहेर बसतो. हे कागद जूनमध्येच एकदा शेजारी-शेजारी ठेवून तपासावेत. ऑगस्टमध्ये दुरुस्ती होत नाही.

आता प्रत्यक्ष चाचणी. अनेक शाळांत आजही शंभर मीटर पळवतात आणि पहिले वीस घेतात. खो-खोसाठी ही पद्धत जवळजवळ निरुपयोगी आहे. मैदान २७ बाय १६ मीटरचं, एका खुंटापासून दुसऱ्या खुंटापर्यंत २४ मीटर आणि मध्ये आठ पाट्या, म्हणजे आक्रमकांनी बसायच्या जागांच्या आडव्या पट्ट्या. दोन पाट्यांमधलं अंतर सव्वादोन-अडीच मीटर. इथे कोणी शंभर मीटर धावतच नाही. तीन पावलं, थांबा, वळा, पुन्हा तीन पावलं असं चालतं. शंभर मीटरचा राजा बसल्या जागेवरून उठायला वेळ घेतो आणि वळताना दोन पावलं जास्त टाकतो.

चाचणी घ्यायची ती बसण्यापासून घ्यावी. उकिडवं बसून दोन्ही हातांचे तळवे पुढे जमिनीला, नजर समोर आणि वजन चवड्यांवर. पाय ठेवण्याच्या दोन पद्धती : दोन्ही चवडे एका रेषेत असतात ती पॅरलल टो, एक पाय पुढे आणि एक मागे ती बुलेट टो. बुलेटमध्ये सुटणं जलद होतं, पण कच्चा मुलगा खो मिळायच्या आधीच मागचा पाय रेटतो आणि फाउल करतो. पाठीवर हात आणि 'खो' हा आवाज, दोन्ही मिळाल्यावर उठायचं. खो देणाऱ्यानेही बसलेल्याची पाटी ओलांडायच्या आत खो द्यायला हवा. फाउल झाला की पंच उलट दिशेला जायला लावतात आणि तेवढ्यात पळणारा दुसऱ्या टोकाला पोचलेला असतो. एका डावात असे चार-पाच फाउल झाले तर आक्रमणच मोडतं. म्हणून चाचणीत प्रत्येक मुलाला सलग दहा खो द्यावेत-घ्यावेत आणि फक्त फाउल मोजावेत. वेगाची नोंद नंतर. ही एक कसोटी लावली तरी साठातले तीस आपोआप मागे पडतात, आणि मागे का पडलो हे त्यांना स्वतःला कळतं.

पुढचं म्हणजे संघ बारा 'चांगल्या' मुलांचा नसतो, नऊ जागांचा असतो. खुंटावर मारा करणारे दोघे लागतात. पहिल्या आणि आठव्या पाटीवर बसणारे दोघे असे हवेत की खुंटावरच्या मुलाचा अंदाज चुकला तर खो घेऊन तत्काळ उलटे सुटतील. मधल्या चार पाट्यांवर वेग थोडा कमी चालेल, पण पळणारा कुठल्या बाजूला हुलकावणी देणार हे ओळखणारं डोकं हवं. उरलेला एक सुरुवात करणारा. याचा अर्थ असा की खुंटावर दोन तगडे गडी आधीच असतील तर तिसरा कितीही चांगला असला तरी तो राखीवच. मुलगा रडतो, आई शाळेत येते, आणि सरांना हे समजावता येत नाही. यादीच्या शेजारी कोण कुठल्या जागेसाठी निवडला हे लिहिलं तर निम्मे वाद मिटतात.

खुंट धरून मारायच्या सुराबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण त्या जागेसाठी धडपडणारे सर्वाधिक आणि चुकणारेही तेच. खुंट १२० ते १२५ सेंटिमीटर उंच. पळणारा खुंटाला वळसा घालतो तेव्हा एका हाताने खुंट धरून अंग जमिनीला समांतर झोकून दुसऱ्या हाताने त्याला टिपायचं असतं. कच्ची मुलं खुंट वर, छातीच्या उंचीवर धरतात. तिथे धरलं की शरीर बाहेर फेकलं जातं आणि हात पळणाऱ्याच्या पाठीमागून हवेत जातो. पकड मांडीच्या उंचीला हवी. दुसरी चूक म्हणजे शेवटचं पाऊल खुंटापासून फार लांब पडणं. मग हात खुंटापर्यंत जाण्यातच ताणला जातो आणि पुढे पोच उरत नाही. तिसरी म्हणजे नजर खुंटावर ठेवणं. खुंट जागचा हलत नाही, बघायचे ते पळणाऱ्याचे पाय. पडताना हनुवटी वर ठेवावी आणि छाती-पोटावर घसरावं. कोपर आधी टेकला की कातडं गेलंच. मुरमाड मैदानावर हा सूर शिकवूच नये. खुंटाभोवती तीन-चार मीटरच्या घेरात चाळलेली माती टाकून, पाणी मारून, एक दिवस सोडून मग शिकवावा.

पळतीची, म्हणजे बचावात पळणाऱ्यांची, निवड वेगळीच. संरक्षक तिघांच्या तुकडीने उतरतात, आणि तिसरा बाद झाला की पुढच्या तिघांनी दोन खो पडायच्या आत मैदानात शिरायचं असतं. शालेय पातळीवर गडी कधी कधी बाद होतात ते इथेच, पाणी पीत उभे असताना. पळतीत एकेरी साखळी (बसलेल्या एकेका गड्यामधून नागमोडी), दुहेरी साखळी (दोन-दोन गडी सोडून नागमोडी) आणि वर्तुळाकार धाव या तिन्ही प्रकारांपैकी किमान दोन यायला हवेत. एकच येणारा दुसऱ्या मिनिटाला ओळखला जातो. मोजायचं असेल तर सगळ्यांना त्याच आक्रमक संघासमोर, त्याच क्रमाने पळवावं. दमलेल्या आक्रमकांसमोर दीड मिनिट टिकणं आणि ताज्यांसमोर चाळीस सेकंद टिकणं यात दुसरं कठीण आहे, पण वहीत दीड मिनिट लिहिलं जातं.

तारखांचंही गणित बघा. शाळा जूनच्या मध्यात उघडते, तालुक्याचे सामने पावसाळ्यातच येतात. मध्ये भर पाऊस. चिखलात घेतलेल्या चाचणीत जड मुलगा पाय रोवून उभा राहतो आणि चपळ मुलगा घसरतो. कोरड्या मैदानावर निकाल बरोबर उलटा. एका दिवसाच्या चाचणीवर संघ ठरवू नये तो यासाठी. वरच्या पातळीवर मॅट असू शकते, तिथे अनवाणी खेळणाऱ्याचे तळवे भाजून निघतात. तिकडे जाण्याची आशा असलेल्या संघाने बुटांचा सराव आधीच करावा.

दहावीच्या वर्षी चाचणीला अचानक गर्दी होते त्याचं कारण उघड आहे. खेळाच्या कामगिरीवर दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. शिवाय जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी तो जिंकला, आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. त्यानंतर मैदानावर पोरं वाढली नसती तरच नवल. पण दहावीत पहिल्यांदा आलेल्या मुलाला दोन महिन्यांत जागा मिळणं जवळजवळ अशक्य. सहावी-सातवीत बसायला शिकलेली मुलं त्याच्या आधीपासून रांगेत असतात.

मुलींचं चित्र वेगळं. तिथे स्पर्धा कमी वाटते, कारण नववीपासून चाचणीला येणाऱ्याच कमी होतात. धाराशिवच्या खो-खोपटू सारिका काळेला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला तरी संध्याकाळी साडेसहाला सराव सुटला तर वाडीवर जाणारी एसटी मिळत नाही, हा प्रश्न जागच्या जागी आहे. एसटीचा पास मोफत असून काय उपयोग, गाडीच गेलेली असेल तर? मुलींचा सराव सकाळी शाळेआधी घेतला तर संख्या वाढते. ज्या शाळांनी हे केलं तिथे मुलींच्या संघातही बारा जागांसाठी रांग लागते.

सुवर्णमहोत्सवी निधीतून काय करावं अशी विचारणा समितीने केली आहे. माझं मत दुसऱ्या मैदानाला. २७ बाय १६ च्या भोवती तीन-तीन मीटर मोकळी जागा सोडली तर ३३ बाय २२ मीटर लागतील, आणि सायकल स्टँडमागे ती आहे. खुंटांची एक जोडी, दोन ट्रॉली चाळलेली माती, रेषा आखायच्या फक्कीचा डबा आणि मापाची दोरी. त्यावर 'ब' संघ रोज खेळवावा, शनिवारी 'अ' संघाशी त्याचा पूर्ण सामना लावावा आणि महिन्यातून एकदा शेजारच्या शाळेला बोलवावं. नववीतल्या तेराव्या, चौदाव्या, पंधराव्या मुलाला तेवढं मैदान मिळालं तर दहावीत तो यादीत येतो.